हवेल्या वाचवा, पण त्या पुन्हा रंगवू नका

प्रति,
मा. पर्यटन मंत्री,
राजस्थान सरकार, जयपूर

स.न.वि.वि.

राजस्थानच्या शेखावाटी भागातल्या, म्हणजे झुंझुनू, सीकर, चुरूकडच्या, चित्रांच्या हवेल्यांविषयी हे पत्र आहे. हिंदी प्रत टपालाने पाठवली आहेच. मराठीतून उघडपणे लिहिते आहे, कारण या हवेल्यांत ओतलेला बराचसा पैसा आमच्या मुंबईत कमावलेला आहे. माटुंग्याच्या रुईया आणि पोदार कॉलेजांत पिढ्यान् पिढ्या मराठी मुलं शिकली. ज्यांच्या नावाची ती कॉलेजं, ती घराणी मूळची शेखावाटीतल्याच रामगढची आणि नवलगढची. वर्ध्याचे जमनालाल बजाज जन्मले तेही सीकरजवळच्या काशी का बास या गावी. तेव्हा या भिंतींबद्दल बोलायचा थोडा हक्क आम्हालाही आहे, असं मी मानते.

एके काळी गुजरातच्या बंदरांतून दिल्लीकडे जाणारे उंटांचे तांडे झुंझुनू, सीकर, चुरू या भागातून जायचे. कंपनी सरकारच्या काळात व्यापार कलकत्ता-मुंबईकडे वळला, तसे शेठही तिकडे गेले. बायकामुलं मात्र वाळूतल्या गावीच राहिली. मग शहरातला पैसा गावी येऊ लागला आणि साधारण 1830 ते 1930 या शंभर वर्षांत हवेल्यांमागून हवेल्या उठल्या. भिंतींवर राधाकृष्ण आले, राजस्थानी लोककथेतले उंटावरचे प्रेमिक ढोला-मारू आले. पुढे आगगाडी, मोटार, ग्रामोफोन, टोपीवाले साहेबही आले. मंडाव्याच्या एका हवेलीवर तर राइट बंधूंचं विमान आहे. दूर गेलेल्या माणसांनी जे जग पाहिलं, ते घरच्यांसाठी असं भिंतीवर उतरलं. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

मी चित्रकला शिकवते, म्हणून भिंतीबद्दल जरा सविस्तर लिहिते. गवंडी आणि चितारी ही कामं तिथे एकच माणूस करी. त्याला चेजारा म्हणतात. चुना आणि विटांचा चुरा यांचे थर देऊन वर अगदी बारीक चुन्याचा हात फिरवायचा आणि तो ओला असेपर्यंत रंग भरायचा: गेरू, काजळी, नीळ. मग अकीकच्या दगडाने घोटून घोटून चकाकी आणायची. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होतो आणि रंग त्या दगडात कायमचा अडकतो. म्हणून शंभर-दीडशे उन्हाळे काढूनही बाहेरच्या भिंतीवरचा गेरू हाताला लागत नाही.

या भिंतीला श्वास लागतो. तिथलं भूजल खारट आहे, ओल जोत्यातून वर चढते आणि चुन्यातून बाहेर पडते. खाली सिमेंटचा गिलावा केला की ओलीची ती वाट बंद होते. ती आणखी वर, थेट चित्रापर्यंत जाते. तिथे लोणा, म्हणजे ओलीतलं मीठ, फुलतो आणि वर्षभरात चेहरे पोपडे होऊन गळतात. जुन्या चित्रावर ऑइलपेंट फासला तरी हाच परिणाम, शिवाय मूळ रेषा कायमची जाते. पर्यटकाला फोटोत चांगलं दिसावं म्हणून केलेली ही भडक रंगरंगोटी पाहून जीव तुटतो. निम्मा चेहरा उरला असेल तर तो निम्माच राहू द्या.

आपल्याकडे मागणं असं. जतनाच्या कुठल्याही सरकारी निविदेत चित्रांच्या भिंतींवर सिमेंट आणि ऑइलपेंट वापरायला स्पष्ट बंदी घाला. भिंत धुणं, सुटलेला गिलावा चुन्याने चिकटवणं, गळतं छत दुरुस्त करणं एवढंच आधी करा. ज्या चेजारा घराण्यांत अजून हे हात आहेत, त्यांना ठेकेदाराच्या हाताखाली रोजंदारीवर न ठेवता उस्ताद म्हणून नेमा आणि त्यांच्या हाताखाली मुलं-मुली शिकवा. शेखावाटीतल्याच फतेहपूरची 1802ची हवेली एका फ्रेंच चित्रकर्तीने विकत घेऊन सावरली. एका व्यक्तीला जे जमलं, ते सरकारला जमेल.

वारसांचा प्रश्न अवघड आहे. एका हवेलीचे अनेक हिस्सेदार, दाराला कुलूप, आत एक म्हातारा चौकीदार. कुणा एकाची सही मिळत नाही, तोवर कोरीव दरवाजे विकले जातात आणि एक दिवस तिथे दुकानांचा गाळा उभा राहतो. यासाठी आपण मुंबईत आणि कोलकात्यात या घराण्यांची बैठक बोलवावी. छत आणि जोतं यांच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च सरकार उचलेल, असं लेखी सांगावं. येत्या पावसाळ्याआधी निदान ज्यांची छतं गळताहेत त्या हवेल्यांची यादी तरी जाहीर करा.

आपली नम्र,
मुंबईतील एक चित्रकला शिक्षिका