खाटेखाटेवर फिरणाऱ्या उपकरणांना वाली कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयांचे मेडिसिन वॉर्ड कसे भरतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, गॅस्ट्रो. खाटा संपल्या की दोन खाटांच्या मध्ये गादी, तिथेही जागा उरली नाही की पॅसेजमध्ये. रुग्ण दुप्पट होतात, पण बीपीची मशीन, ऑक्सिमीटर, थर्मामीटर होते तेवढेच राहतात. मग बीपीचा तोच पट्टा एका घामेजलेल्या दंडावरून सुटतो आणि शेजारच्या दंडावर चढतो. मधे तो कोणी पुसला का, असे विचारले तर मी पाहिलेल्या बहुतेक वॉर्डांत नेमके उत्तर देणारा माणूस सापडत नसे. मी स्वतः परिचारिका होते आणि वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे हे बाहेरून केलेले दोषारोप नाहीत.

हात धुण्याबद्दल आता पुष्कळ बोलले जाते, आणि ते आवश्यकच आहे. दरवर्षी ५ मे रोजी हातांच्या स्वच्छतेचा दिवस पाळला जातो, भिंतींवर तक्ते लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग सांगितले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, सलाईनची सुई लावण्यासारखे निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त वा इतर स्रावाशी संबंध आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या भोवतालच्या वस्तूंना हात लागल्यानंतर. यातला शेवटचा प्रसंग सर्वांत जास्त विसरला जातो. रुग्णाला हात लावलेला नसतो, फक्त खाटेचा कठडा सरकवलेला असतो किंवा मॉनिटरचे बटण दाबलेले असते. आपले हात स्वच्छच आहेत असे तेव्हा मनापासून वाटते.

हॅण्डरब, म्हणजे हातांना चोळायचे स्पिरिटयुक्त द्रावण, चोळायला २० ते ३० सेकंद लागतात, साबण-पाण्याने नीट धुवायचे तर ४० ते ६०. चाळीस-पन्नास रुग्णांच्या वॉर्डात बेसिन एका टोकाला असेल तर दर रुग्णामागे तिथवर जाऊन येणे कोणालाच जमणार नाही. म्हणून हॅण्डरबची बाटली प्रत्येक खाटेशी हवी. ती महागही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने स्पिरिट, ग्लिसरीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे सोपे सूत्र दिलेले आहे आणि रुग्णालयाच्या औषध विभागात ते बनवता येते. मात्र जुलाब घडवणाऱ्या सी. डिफिसिलसारख्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक कवचातली रूपे, स्पिरिटला दाद देत नाहीत. जुलाबाच्या रुग्णाला हाताळल्यावर साबण आणि पाणीच लागते.

पण डॉक्टरांनी हात अगदी नियमाप्रमाणे स्वच्छ केले आणि त्याच हातांनी सकाळपासून तीस जणांच्या छातीवर टेकलेला स्टेथोस्कोप एकतिसाव्याच्या छातीवर ठेवला, तर त्या धुण्याचा रुग्णाला कितीसा उपयोग? सोनोग्राफीचा प्रोब, ईसीजीचे छातीला चिकटवायचे रबरी गोळे, ऑक्सिमीटरचा बोटाला लावायचा चिमटा, सगळ्यांचे तेच. यातल्या बहुतेक वस्तू फक्त धड त्वचेला लागतात, म्हणून त्यांना ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, गरज नसते. दोन रुग्णांच्या मधे नीट पुसले तरी पुरते. आणि पुसणे इतके सोपे आहे म्हणूनच ते राहून जाते, असे मला वाटते. ऑपरेशनच्या हत्यारांसाठी वेगळा विभाग असतो, नोंदवही असते, तपासणीची पट्टी असते. बीपीच्या पट्ट्यासाठी यातले काहीच नसते.

यातून केवढे नुकसान होऊ शकते याचे एक ठळक उदाहरण आहे. ऑक्सफर्डच्या एका अतिदक्षता विभागात २०१५ ते २०१७ या काळात ७० रुग्णांच्या अंगावर कॅन्डिडा ऑरिस ही औषधांना सहजी न जुमानणारी बुरशी सापडली. काहींच्या रक्तापर्यंतही ती गेली. संसर्ग रोखण्याचे नेहमीचे उपाय चालू होते, तरी साथ हटेना. शोध घेता घेता बोट गेले ते काखेत लावायच्या, पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या तापमापक प्रोबवर. ते वापरातून काढल्यावरच साथ आटोक्यात आली. साधनसंपन्न देशातली ही गोष्ट आहे. तिथले रुग्ण जमिनीवरच्या गाद्यांवर नव्हते. ही बुरशी भारतातल्या रुग्णालयांतही आहे. कोरड्या पृष्ठभागावर दिवसेंदिवस टिकणारे ॲसिनेटोबॅक्टरसारखे जंतूही आपल्या आयसीयूंना चांगले ओळखीचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या दर १०० जणांपैकी ७ जणांना तिथेच नवा संसर्ग होतो, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना.

हातमोज्यांबद्दलही लिहायला हवे. करोनानंतर ते सगळीकडे दिसू लागले, आणि एकच जोडी घालून चार रुग्णांचे काम उरकणेही. अशा मोज्यांनी घालणाऱ्याचा हात तेवढा वाचतो. रुग्णाच्या दृष्टीने तो न धुतलेलाच हात असतो, उलट घालणाऱ्याला धुण्याची आठवणही होत नाही. दर रुग्णाला नवे मोजे आणि काढल्यावर हात स्वच्छ करणे, हे होणार नसेल तर साध्या तपासणीला मोजे नसलेले बरे.

आपल्या परळशी जोडलेली एक घटना या संदर्भात मला महत्त्वाची वाटते. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. लस परळच्या प्रयोगशाळेत, आजच्या हाफकिन संस्थेत, बनलेली होती. ठपका थेट ही लस शोधणाऱ्या डॉ. हाफकिन यांच्यावर आला. मरण पावलेल्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती आणि ती बाटली गावात उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, या पुराव्याला वजन यायला बराच काळ गेला. हाफकिन दोषमुक्त ठरले ते १९०७ मध्ये. वॉर्डातही हेच होते. रुग्णाला नवा ताप चढला की अँटिबायोटिक बदलते, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांवर संशय घेतला जातो, नातेवाईक सिस्टरशी भांडतात. ट्रॉलीवरच्या किरकोळ वस्तूंकडे कोणी पाहत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की प्रत्येक सामाईक उपकरणाला प्रत्येक पाळीत एक जबाबदार माणूस ठरलेला असावा आणि त्याचे नाव वॉर्डच्या फळ्यावर असावे. आज डॉक्टरांना वाटते सिस्टर पुसतील, सिस्टरना वाटते मावशी पुसतील, आणि मावशींना त्या मशीनला हात लावायची परवानगीच नसते. स्टेथोस्कोप ज्याचा त्याने पुसावा. बीपीचा पट्टा आणि ऑक्सिमीटर ज्याने मोजले त्याने पुढच्या खाटेकडे जाण्यापूर्वी पुसावा. रोजची पूर्ण स्वच्छता कोणी करायची ते पाळीच्या वाटपात लिहिलेले असावे. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर मोजतात, त्याची सुई आणि टोचण्याचे पेन दोन रुग्णांत कधीही सामाईक असू नये. सुकलेल्या रक्तात हेपॅटायटिस बी चा विषाणू किमान ७ दिवस जिवंत राहतो. नेब्युलायझरचे मशीन एक चालेल, मास्क ज्याचा त्याला.

आणि जबाबदारी टाकायची तर सामानही द्यायला हवे. ७० टक्के अल्कोहोलचे स्वॅब ट्रॉलीवरच असले पाहिजेत, कुलूपबंद कपाटात नव्हे. कापडी पट्टे पुसून साफ होत नाहीत, धुवावे लागतात, म्हणून पुसता येणारे पट्टे घ्यावेत. घाण दिसत असेल तर आधी साबणपाण्याने ती काढावी, कारण मळावर जंतुनाशक नीट काम करत नाही. पुसल्यावर स्पिरिट वाळायला वेळ द्यावा. सर्वांत आधी पावसाळ्याच्या तोंडावर जादा गाद्यांची मागणी जाते तेव्हाच जादा पट्टे, थर्मामीटर आणि ऑक्सिमीटरची मागणी जावी. एका सिस्टरकडे ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त रुग्ण सोपवून तिने प्रत्येक वेळी पुसलेच पाहिजे असे फर्मान काढणे अन्यायाचे आहे. परिचारिकांची रिक्त पदे भरणे हेही संसर्ग रोखण्याचेच काम आहे.

खाजगी रुग्णालयांनीही यातून स्वतःला वगळू नये. तिथे गर्दी कमी आणि फरशी चकचकीत असते, पण लिफ्टमधून मजल्यामजल्यावर फिरणारे ईसीजी मशीन तिथेही एकच असते.

पालिकेच्या आरोग्य खात्याने येत्या पावसाळ्याआधी एवढे तरी करावे: प्रत्येक वॉर्डात किती खाटा, प्रत्यक्षात किती रुग्ण आणि किती बीपीचे पट्टे, ही तीन आकड्यांची यादी तयार करून ती दाराशी लावावी. आपल्या वार्ताहरांनीही रुग्णालयांची पाहणी करताना शौचालये आणि भिंतींच्या फोटोंबरोबर ती यादी मागावी, आणि ट्रॉलीवर स्वॅब आहेत का तेही पाहावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
लालबाग, मुंबई