आधी फूटव्हॉल्व्ह, मग सोलर

संपादक महाशय,

सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसलं की फीत कापतानाचा फोटो आपल्या दैनिकात हमखास येतो. येऊ दे, आनंदच आहे. आमच्या कराडजवळचं मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं, तेव्हापासून इकडे घरोघरी हाच विषय आहे. पण फोटोत जे दिसत नाही, त्याबद्दल थोडं लिहिते.

मी सोळा फ्लॅटच्या सोसायटीची खजिनदार. तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे बिल आलं की शेवटचा आकडा बघून बाजूला ठेवायची सवय नाही. सामाईक मीटरचं महिन्याचं बिल ५३४ युनिटचं यायचं. सोलरवाल्यांनी ते बघून उभ्या उभ्या सांगितलं, ‘पाच किलोवॅट लागेल काकू.’ गच्चीही न बघता!

ही ५३४ युनिटं जातात कुठे, हे मात्र कुणालाच सांगता येईना. म्हणून एका पहाटे साडेपाचला वॉचमनमामांबरोबर खाली जाऊन उभी राहिले. त्यांनी मोटर चालू केली. पाच एचपीची मोटर, आवाज भरपूर, पण वर पाण्याचा थेंब नाही. ‘एअर घेतीय, रोजचंच हाय,’ असं म्हणत त्यांनी पाइपात तांब्याने पाणी ओतलं, परत बटण दाबलं, परत तेच. वीस मिनिटं गेली. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाशी पाणी धरून ठेवणारी झडप, गळका; रात्रभरात पाइपातलं पाणी खाली उतरायचं. टाकी भरली की पाणी अडवणारा वरचा बॉलकॉकही मोडलेला, त्यामुळे टाकी भरून वाहिली तरी खाली पत्ता नाही. मागच्या भिंतीवरच्या शेवाळ्याला आम्ही चार वर्षं पावसाची ओल समजत होतो!

पाच एचपी म्हणजे सुमारे पावणेचार युनिट तासाला. मोटर दोन तास चालायची, ती सव्वा तासावर आली. जिन्यात आणि पार्किंगमध्ये चोकवाल्या चौदा ट्यूब रात्रभर जळायच्या. चोकसकट एकेक पन्नास वॉटची. त्या जागी अठरा वॉटच्या एलईडी लावल्या. व्हॉल्व्ह, बॉलकॉक, ट्यूब, प्लंबरची मजुरी, सगळं सात हजारांच्या आत बसलं आणि बिल २९० युनिटवर आलं.

मग सोलरवाल्यांना परत बोलावलं. आपल्याकडे एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चारेक युनिट मिळतात. म्हणजे आम्हाला तीन किलोवॅट पुरे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार अनुदान आहे, ते घेतलंच. पण न लागलेल्या दोन किलोवॅटचे पैसे वाचले, ते कुठल्याच योजनेत मोजले जात नाहीत.

खरं भांडण झालं ते वाळवणावरून. गच्ची गेली तर पापड-कुरडया कुठे घालायच्या? ‘पॅनेल उंच घेतो, खाली घाला,’ असं सोलरवाले म्हणाल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी त्यांना ‘सावलीत कुरडई वाळवून दाखव’ असं सुनावलं. शेवटी पूर्वेकडचा पट्टा मोकळा सोडला.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगाव्यात, कारण त्यावरून नंतर कुरबुर होते. लाईट गेली की बिनबॅटरीचं सोलरही बंद पडतं. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. आमच्याकडे निम्मे सभासद लिफ्ट चालेल या आशेवर होते. आणि बिल शून्य होत नाही, स्थिर आकार द्यावाच लागतो.

माझी सूचना एवढीच, की आयटीआयमधल्या इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मुलांना गावातल्या सोसायट्यांचे सामाईक मीटर तपासायचं काम प्रात्यक्षिक म्हणून द्यावं. कोटेशन त्यानंतर मागवावं. आणि आपण फोटोखाली नावांच्या यादीऐवजी आधीची आणि नंतरची युनिटं छापावीत. आमच्यापासून सुरुवात केलीत तरी चालेल: आधी ५३४, दुरुस्तीनंतर २९०, आणि मार्चमध्ये सोलर वजा जाता ११.

– एक वाचक, कराड