"पट्टा नका बांधू, नुसता हातात धरा"

ताई,

मी आठवतोय का तुम्हाला? नाकाच्या हाडावर लाल वळ घेऊन आलेला आणि आल्या आल्या "हे मशीन परत घ्या, मला नको" म्हणालेला तो मी.

झोपेच्या टेस्टमध्ये माझा श्वास तासाला 38 वेळा थांबतो किंवा उथळ होतो असं निघालं होतं, 30 च्या वर गेलं की गंभीर धरतात, त्यामुळे सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन, लागणार हे मी केव्हाच मान्य केलं होतं. पण ज्याने ते घरी आणून दिलं त्याने मला खुर्चीत बसवलं, मास्क चढवला, पट्टे करकचून आवळले, सही घेतली आणि गेला, दहा मिनिटंसुद्धा थांबला नसेल. पहिल्या रात्री अर्ध्या तासात मी तो ओरबाडून काढला, तोंडावर कोणी उशी दाबतंय असं वाटत होतं. हवा फुर्रकन डोळ्यात जायची म्हणून मी अजून आवळायचो की अजून जास्त फुर्र. फोन केला तर "सवय होईल सर". डॉक्टरपण तेच, सवय होईल. अहो पण कशी??

तुम्ही वळाकडे बघितलंत आणि पहिलं वाक्य बोललात, "खूप त्रास काढलात हो." मग मला आडवं केलंत आणि मास्क हातात देऊन म्हणालात, "पट्टा नका बांधू, नुसता हातात धरा. नको वाटलं की काढा, मी इथेच आहे." आणि खरंच बसलात शेजारी. वीसेक मिनिटं, मोबाईल न बघता, काही न बोलता. मी चारदा काढला, चारदा परत लावला, तुम्ही एकदाही घड्याळ बघितलं नाहीत. पाचव्यांदा तो नाकावरच राहिला आणि माझा हात कधी सैल पडला मला कळलं नाही.

बाकीचं पण सांगितलंत, की पट्टे आडवं झाल्यावरच लावायचे कारण झोपलं की चेहरा बदलतो, आवळून टाकलं तर मास्कची उशी फुगायला जागाच राहत नाही, मशीनवर रॅम्प नावाची सोय लावली की हवेचा दाब एकदम न येता 4 पासून हळूहळू वाढतो. एवढं सांगायला तुमच्या आधीच्या माणसाला किती वेळ लागला असता?

बायको मशीनला व्हॅक्यूम क्लीनर म्हणते. नंतर वाचलं तर सिडनीच्या ज्या कॉलिन सलिव्हन डॉक्टरांनी 1981 मध्ये हा उपाय जगापुढे मांडला त्यांनी सुरुवातीला खरंच व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती! आणि मला वाटलं, त्यांच्या पहिल्या पेशंटजवळपण कोणीतरी रात्रभर बसलंच असणार ना, मग ते बसणं मधल्या मधे कुठे गळालं? मशीन आता कितीतरी हुशार झालंय, स्वतःच प्रेशर कमीजास्त करतं. थांबणारी माणसं मात्र कमी, आणि जी आहेत त्यांना बहुतेक कोणी थँक्यूपण म्हणत नाही, मी तरी त्या दिवशी कुठे म्हणालो, पिशवी उचलून निघून आलो.

म्हणून आता म्हणतो. काल सहा तास झोपलो, तासाला 38 चा आकडा 3 वर आलाय. वळ गेला. पण अजूनही रोज दिवा घालवला की पट्टा लगेच बांधत नाही, आधी दोन मिनिटं हातातच धरतो.