परीक्षेची आदली रात्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की आमच्या चोपडा तालुक्यात घरोघरी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवे जळतात आणि पालकांना त्याचे कौतुकही वाटते. बावीस वर्षे गणित शिकवल्यानंतर मला मात्र या जागरणाची धास्तीच वाटते. दिवसभर वाचलेले झोपेत पक्के होते. तीच झोप मोडून ऐनवेळी नवा धडा उघडणे म्हणजे पेरलेल्या रानातून पुन्हा वखर फिरवणे होय.

आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हाताने लिहिलेली सूत्रे, प्रमेये आणि पूर्वी चुकलेली उदाहरणे तेवढी नजरेखालून घालावीत व दहाच्या सुमारास वही मिटावी. जेवणात खिचडी-कढी पुरे. झणझणीत शेवभाजी शेवटच्या पेपरनंतर आहेच. प्रवेशपत्र, दोन-तीन पेने, कंपासपेटी व पाण्याची बाटली रात्रीच पिशवीत भरावी, आणि पेटी उघडून पाहावी. माझ्या पुतणीने भूमितीच्या पेपरला ती उघडली, तेव्हा वर्तुळ काढायच्या कंपासला पेन्सिलच नव्हती.

पेपर ११ वाजता असला, तरी केंद्रावर साडेदहापर्यंत पोहोचावे लागते. खेड्यावरच्या मुलांची सारी भिस्त सकाळच्या एस.टी.वर असते, म्हणून ती गाडी नक्की येणार का, याची चौकशी पालकांनी आदल्या संध्याकाळीच करावी. परीक्षेच्या काळात फेरी रद्द होणार असेल, तर आगारानेही गावात तसा निरोप वेळेवर पोहोचवावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. चोपडा, जि. जळगाव