भाऊबंदकी खरी, पण अर्धीच गोष्ट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवार पुरवणीतला वेल्समधील कॉन्वी आणि कार्नार्वन किल्ल्यांवरचा लेख वाचला. वेल्सची राजघराणी भाऊबंदकीने बुडाली, असा त्याचा सूर आहे. ही अर्धीच गोष्ट झाली.

भाऊबंदकी होतीच. नवव्या शतकात ग्विनेथ या उत्तर वेल्समधल्या राज्याच्या रोद्री मावर राजाने बराचसा वेल्स एका छत्राखाली आणला. ८७८ मध्ये तो इंग्रजांशी लढताना पडला आणि राज्य मुलांत वाटले गेले. तिथल्या कायद्यात बापाने कबूल केलेल्या अनौरस मुलालाही वाटा असे. त्यामुळे कर्ता राजा गेला की वाटण्या आणि लढाया ठरलेल्या. पुढे ग्विनेथचाच राजा झालेला लुएलिन आप ग्रिफिथसुद्धा १२५५ मध्ये सख्ख्या भावांना हरवूनच वर आला. थोरल्या ओवेनला त्याने वीसहून अधिक वर्षे कैदेत ठेवले. धाकटा दाविथ दोनदा इंग्रजांना जाऊन मिळाला.

तरीही १२६७ मध्ये मॉन्टगोमेरीच्या तहाने इंग्लंडचा राजा तिसऱ्या हेन्रीला याच लुएलिनला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ मानावे लागले. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाला पूर्वी ज्या किताबाचे नाव होते, तो हाच. १३०१ मध्ये हेन्रीनंतरचा राजा पहिल्या एडवर्डने तो आपल्या मुलाला दिला आणि तेव्हापासून तो इंग्लंडच्या युवराजांकडे आहे.

मधल्या काळात काय घडले, ते लेखात यायला हवे होते. ११ डिसेंबर १२८२ रोजी एडवर्डच्या फौजेशी झालेल्या युद्धात लुएलिन मारला गेला. त्याचे शिर लंडनला नेऊन मिरवले. अखेरीस भावाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या दाविथला पुढच्या वर्षी श्रूजबरीत हालहाल करून मारले. इथवर युद्ध म्हणता येईल. पण मुलांचे काय? लुएलिनची एकुलती मुलगी ग्वेनलियन तेव्हा तान्ही होती, आई बाळंतपणातच गेलेली. तिला लिंकनशरमधल्या सेंप्रिंगमच्या मठात टाकले. १३३७ मध्ये ती तिथेच वारली. दाविथची दोन लहान मुले ब्रिस्टलच्या किल्ल्यात डांबली. थोरला १२८७ मध्ये गेला. धाकट्या ओवेनला रात्री लोखंडाने जखडलेल्या लाकडी पिंजऱ्यात ठेवावे, असा हुकूम १३०५ मध्ये निघाला. तेव्हा त्याच्या कैदेला वीस वर्षे उलटून गेली होती. वंश पुढे चालू नये, हाच या सगळ्याचा हेतू होता.

कॉन्वीच्या ज्या तटबंदीचे लेखकाने मनापासून कौतुक केले आहे, ती वेल्स जिंकल्यावर एडवर्डने लुएलिनच्या आजोबांना, थोरल्या लुएलिनला, जिथे पुरले होते तो मठ हलवून त्या जागी उभारली. आज त्या किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा आहे. बांधकाम भव्य आहे यात वाद नाही, पण ते कोणासाठी आणि कोणाच्या छातीवर बांधले हे सांगितल्याशिवाय त्यांचे वर्णन पुरे होत नाही.

घराण्याचा शेवटचा पुरुष वारस, लुएलिनच्या आणखी एका भावाचा नातू ओवेन लाउगोख, फ्रान्सच्या राजाच्या चाकरीत होता. १३७८ मध्ये इंग्लंडने मारेकरी धाडून त्याचा खून करवला. हे घराणे भाऊबंदकीनेच संपले असते, तर जवळजवळ शंभर वर्षांनी या खुनाची गरज का पडावी?

— एक वाचक, दादर, मुंबई