काका, जाहिरात वाचायला तुम्ही शिकवलं

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

ऑर्डर आली. असिस्टंट प्रोफेसर, क्रिमिनॉलॉजी म्हणजे गुन्हेगारीशास्त्र, पगाराची लेव्हल १०, कंत्राटी नाही, परमनंट. फोनवर सांगितलं तर तुम्ही "बरं झालं बेटा, जॉइनिंगची तारीख नीट पाहून घे" एवढंच म्हणाले आणि फोन काकूंकडे दिला. मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून लिहून राहिली आहे. आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहून राहिली, कारण विदर्भात माझ्यासारखी क्रिमिनॉलॉजी, फॉरेन्सिक, सोशल वर्क करून बसलेली किती पोरं-पोरी आहेत, नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा झालेली, पीएचडी झालेली, आणि त्यांना कोणी नीट बसवून सांगत नाही की जागा कुठं निघतात आणि त्या भरायच्या कशा. मला तुम्ही सांगितलं. तुमचा माझ्या विषयाशी काही संबंध नव्हता, तुमची सारी नोकरी विद्यापीठाच्या आस्थापना विभागात गेली, तरी सांगितलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं लिहिते. आपल्या देशात क्रिमिनॉलॉजीचे विभाग मुळात बोटावर मोजण्यासारखे. सागरला १९५९ पासून आहे, मद्रास विद्यापीठात आहे, तिरुनेलवेलीला आहे, धारवाडला आहे, मुंबईत टिस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आहे. त्यानंतर २०२० मध्ये संसदेच्या कायद्यानं गांधीनगरकडची दोन मोठी विद्यापीठं राष्ट्रीय दर्जाची झाली, राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आणि राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ, आणि दिल्लीची रोहिणीतली जुनी क्रिमिनॉलॉजीची संस्था त्या दुसऱ्या विद्यापीठात गेली. काही खाजगी विद्यापीठांनी बीए सुरू केलंय. बस. इतिहासाची किंवा कॉमर्सची जाहिरात कुठल्या ना कुठल्या कॉलेजची निघतच असते, सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर का होईना काहीतरी मिळतं, आमच्या विषयाला ते पण नाही. आणि लॉ कॉलेजमध्ये क्रिमिनॉलॉजी अँड पीनॉलॉजीचा पेपर असतो पण तो शिकवायला एलएलएम आणि लॉची नेट मागतात, क्रिमिनॉलॉजीची नेट तिथं चालत नाही. घरच्यांना हे समजावून सांगता सांगता जीव जातो, "एवढी शिकली मंग काहून लागत नाही" हे नागपुरात मानेवाड्यात आमच्या ले-आऊटमधल्या प्रत्येकानं विचारून झालं होतं. तुम्ही एकट्यानं वेगळं विचारलं. तुम्ही म्हणाले, जाहिरात दाखव.

ती सकाळ मला चांगली आठवते. तुमच्या पोर्चमध्ये स्टुलावर लाल-निळी पेन्सिल, बाजूला चहा, आणि मी मोबाईलवर पीडीएफ दाखवायला गेली तर तुम्ही म्हणाले "मोबाईलवर जाहिरात वाचत नसतात, प्रिंट आण". मी चौकातून प्रिंट काढून आणली तर तुम्ही पहिलं पान बाजूला ठेवलं आणि एकदम शेवटच्या पानापासून सुरू केलं. टिपा आधी वाचायच्या. आधीची जाहिरात रद्द आहे का, आधी अर्ज केलेल्यांनी परत करायचा आहे का, ऑनलाइन भरल्यावर हार्ड कॉपी पाठवायची आहे का आणि ती त्या तारखेला पोस्टात टाकायची की तिथं पोचायला पाहिजे, शुद्धिपत्रक कुठं टाकणार, पात्रता कोणत्या तारखेला धरणार. हे सारं निळ्यानं. मग वर यायचं आणि पदांचा तक्ता लाल पेन्सिलीनं. मी आजवर फक्त "क्रिमिनॉलॉजी" शब्द शोधत होती आणि तो नसला की पान बंद. तुम्ही प्रत्येक ओळ वाचायला लावली आणि माझा विषय भलत्याच नावांखाली सापडायला लागला! पोलीस प्रशासन, सुरक्षा अभ्यास, वर्तनशास्त्र, सुधारात्मक प्रशासन, सोशल वर्कमधलं स्पेशलायझेशन, आणि खाली पात्रतेत लिहिलेलं असतं "संबंधित किंवा संलग्न विषयात पदव्युत्तर ५५ टक्के". त्या "संलग्न" वर तुम्ही लाल गोल केला आणि म्हणाले, इथं तुझी जागा आहे, पण आधी त्यांना मेल टाकून लेखी विचारून घे, फोनवर विचारलेलं कामाचं नाही.

दुसरी गोष्ट रोस्टरची, म्हणजे कोणत्या नंबरची जागा कोणत्या प्रवर्गाला जाते त्या बिंदुनामावलीची. याच्यावर मी क्रिमिनॉलॉजीची विद्यार्थी असून इतकं कधी वाचलं नव्हतं जितकं तुम्ही एका दुपारी सांगितलं. विभाग हे युनिट धरलं तर पहिल्या तीन जागा खुल्या, चौथी ओबीसीला, सातवी एससीला आणि एसटीचा नंबर थेट चौदावा. आता ज्या विभागात शिक्षकच तीन-चार तिथं सातवी आणि चौदावी जागा येणार कधी? म्हणजे आमच्यासारख्या लहान विषयात आरक्षण फक्त कागदावर राहणार होतं. २०१७ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाचा निकाल आला की विभाग हेच युनिट धरायचं, २०१८ च्या मार्चमध्ये यूजीसीनं म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं तसं पत्र काढलं, देशभर आंदोलनं झाली आणि शेवटी २०१९ मध्ये केंद्रीय शैक्षणिक संस्थांसाठी कायदा झाला की युनिट पूर्ण संस्था, विभाग नाही. तुम्ही हे सांगताना आवाज चढला होता तुमचा, कारण तुम्ही स्वतः बिंदुनामावलीचे रजिस्टर वर्षानुवर्षं लिहिले, प्रत्येक बिंदूमागं एक माणूस असतो हे तुम्हाला माहीत. मी आज ज्या जागेवर चालली आहे ती ओबीसीची जागा आहे आणि विभाग लहान आहे. त्या कायद्यासाठी जे रस्त्यावर आले त्यांचेही मी इथं आभार मानते, मी तेव्हा लायब्ररीत बसून होती आणि मला यातलं काही माहीत नव्हतं.

आणि सर्टिफिकेट! ज्यांना केंद्राच्या संस्थेत अर्ज करायचा त्यांनी हे नक्की वाचा. आपल्याकडं राज्याचं नॉन-क्रिमिलेअर असतं, ते असलं की आपल्याला वाटतं झालं. केंद्राच्या जागेसाठी केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी-एनसीएल सर्टिफिकेट लागतं, ते वेगळं काढावं लागतं आणि जाहिरातीत सांगितलेल्या मुदतीतलं असावं लागतं. काकांनी जाहिरात यायच्या आधीच, म्हणजे नुसती चर्चा होती तेव्हाच, मला सेतूत पाठवलं. शेवटच्या आठवड्यात तिथं किती गर्दी असते आणि कसा जीव टांगणीला लागतो ते माझ्या मैत्रिणींकडून ऐकलंय. माझ्या फाईलमध्ये ते सर्टिफिकेट आधीच होतं.

फाईलवरून आठवलं, तुम्ही लावून दिलेला क्रम मी आता सगळ्यांना सांगते. दहावीपासून मार्कशीट, मग डिग्र्या, नेटचं सर्टिफिकेट, पीएचडी यूजीसीच्या नियमांप्रमाणे झाली याचं विद्यापीठाचं पत्र, जातीचं, पेपरचं पहिलं पान आणि जर्नलचं मुखपृष्ठ, अनुभवाचं. प्रत्येक पानावर स्वसाक्षांकित करून सही आणि पानांना नंबर, आणि फॉर्ममध्ये जिथं जिथं दावा केला तिथं तो पान नंबर. तपासणारा माणूस दिवसाला शेकडो फायली पाहत असतो, त्याला शोधायला लावायचं नाही, हे तुमचं वाक्य. त्या खुर्चीवर बसलेल्या माणसालाच हे सुचतं. मला माझे पेपर, माझा थिसिस एवढंच दिसत होतं, पलीकडं बसलेला क्लार्क कधी दिसलाच नाही.

मग तुम्ही मार्कांचा हिशोब मांडला, तो तर मी फोटो काढून ठेवलाय. यूजीसीच्या २०१८ च्या नियमातला तक्ता, विद्यापीठासाठी ३ए. पदवीला ६० ते ८० टक्के असले तर १३, पीजीला तेवढेच तर २३, पीएचडीला ३०, नेटला ५ आणि सोबत जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप असेल तर ७, प्रत्येक पेपरला २ पण जास्तीत जास्त १०, अनुभवाला वर्षाला २ तेही जास्तीत जास्त १०, पुरस्काराला ३. माझे १३, २३, ३०, ५ आणि तीन पेपरचे ६, टोटल ७७. आता पहा, २०२३ च्या जुलैपासून असिस्टंट प्रोफेसरसाठी पीएचडी सक्तीची नाही, नेट किंवा राज्याची सेट चालते, त्यामुळं बरेच जण सांगतात पीएचडी कशाला करत बसता. पण शॉर्टलिस्टिंगमध्ये ३० मार्क पीएचडीचे आहेत. नुसत्या नेटवाल्याचा अर्ज पात्र ठरतो, पण पन्नास पीएचडीवाले असले तर इंटरव्ह्यूचा कॉल येणं कठीण. हे कोणी पोरांना सांगत नाही आणि मला वाटतं हे एमएच्या पहिल्या वर्षीच सांगायला पाहिजे, निदान ज्यांना मास्तरकीत यायचं त्यांना तरी.

आणि त्याच कागदाखाली तुम्ही दोन रेघा मारल्या आणि लिहिलं, "हे फक्त बोलावण्यापुरतं". नियमातच आहे, स्कोअर कॉलसाठी, निवड इंटरव्ह्यूवर. म्हणून ७७ वर खुश होऊन बसू नको. मग हॉलमध्ये तुम्ही चेअरमन आणि काकू एक्सपर्ट असा इंटरव्ह्यू घेतला. मी सिद्धांत घोकून आली होती आणि तुम्ही दोनच प्रश्न विचारले: तुमचा विषय आमच्या विद्यापीठाला कशाला पाहिजे, आणि पहिल्या सेमिस्टरला वर्गात काय कराल. मला पहिल्यांदा नीट सांगता आलं नाही, परत विचारलं, परत. काकूंनी तर विचारलं की जेलमधून माणूस रजेवर घरी येतो तेव्हा बायकोला काय वाटतं, हे तुझ्या पुस्तकात आहे का. काकू, आहे. माझा पूर्ण थिसिस संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजेवर (पॅरोल) येणाऱ्या बंद्यांच्या कुटुंबांवर आहे, पण त्या प्रश्नाआधी मी तो असा एका वाक्यात कधी कोणाला सांगितला नव्हता.

खऱ्या इंटरव्ह्यूला प्रेरणा एक्सप्रेसनं अहमदाबादला गेली, आई सोबत होती. पॅनलनं खरंच तेच विचारलं, शब्द वेगळे. नवीन फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झालेत, भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही शिक्षा आली आहे, ती वर्गात कशी शिकवाल? मी म्हटलं कलम ४ वाचून दाखवून थांबणार नाही, विद्यार्थ्यांना विचारीन की आपल्या शहरात ही शिक्षा द्यायची तर काम कोण देणार, देखरेख कोण ठेवणार, आणि त्या माणसाची रोजी त्या दिवशी बुडाली तर घर कसं चालणार. मग १९५८ चा प्रोबेशनचा कायदा, मोर्शीचं खुलं कारागृह, यावर बोलली. एका मॅडमनी वही बंद केली आणि नुसतं ऐकायला लागल्या, तेव्हा मला तुमचा हॉल आठवला आणि भीती गेली.

काका, तुम्ही एक रुपया घेतला नाही. मी मिठाई आणली तर अर्धी परत पाठवली. रोजगार समाचार विकत घेऊन त्यातलं कात्रण माझ्या दारात टाकून जायचे, केंद्रीय विद्यापीठांच्या भरतीचं सीयू-चयन पोर्टल तुम्हाला नवीन होतं तरी माझ्यासोबत बसून शिकले आणि मग मलाच सांगितलं की अलर्ट कसा पाहायचा. बाबा गेल्यानंतर घरात असं कागदाचं काम पाहणारं कोणी नव्हतं. आई तुम्हाला समोर बोलू शकत नाही, तिनं मला सांगितलंय की हे माझ्याही वतीनं लिही. तर हे तिचंही पत्र आहे.

एक काम आहे. माझ्या मागची एक मुलगी, भंडाऱ्याची, क्रिमिनॉलॉजीत नेट झाली आहे आणि थिसिस जमा करायच्या बेतात आहे. आपल्याकडं कामठीच्या चिंचोलीला न्यायवैद्यक विद्यापीठाच्या कॅम्पसचं भूमिपूजन २०२५ च्या मेमध्ये झालंय, तिचं सारं लक्ष तिकडं आहे, पण मी तिला म्हटलं एका जागेवर डोळे लावून बसू नको. तिला रविवारी सकाळी दहाला तुमच्याकडं पाठवते. प्रिंट काढूनच आण आणि शेवटचं पान वर ठेव असं सांगितलंय. केंद्राच्या नमुन्यातलं सर्टिफिकेट तिनं अजून काढलेलं नाही, तेवढं तुम्ही जरा रागावूनच सांगा, माझं ऐकत नाही.

तुमची,
मानेवाड्याची पोरगी