डाव्या अंगठ्याचं काय करू?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पुरवणीतला अंगठ्याच्या बुडाच्या संधिवातावरचा लेख वाचला आणि राग काही केल्या जाईना. कृत्रिम सांधा सर्वांत चांगला, ट्रॅपेझियम हे अंगठ्याच्या बुडाशी असलेलं मनगटाचं छोटं हाड काढून टाकणं जुनाट, असा निकाल लेखकांनी देऊनच टाकला आहे.

ते जुनाट ऑपरेशन मी उजव्या हाताला करून घेतलंय. दुखणं गेलं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती आधी न सांगितलेल्या गोष्टींची. हाड काढल्यावर त्या पोकळीत माझ्याच मनगटाजवळची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, गुंडाळून बसवली, हे मला प्लास्टर निघाल्यावर हातावरचा दुसरा व्रण पाहून विचारलं तेव्हा कळलं. नुसतं हाड काढलं तरी वर्षभरानंतर हात साधारण तितकाच चालतो, असं तुलना करून पाहणाऱ्या चाचण्यांत दिसलेलं आहे. मग मला विचारायला काय हरकत होती? वर "दीड महिन्यात कामाला लागाल" असं सांगितलं. प्लास्टर दीड महिन्यात निघालं, पण जाड कापडातून सुई ओढायला चिमटीत जोर यायला आठ महिने गेले. तोवर सुई दातांनी ओढत होते.

कृत्रिम सांध्याने हात लवकर चालू लागतो, अंगठ्याची लांबी टिकते, मान्य. पण तो निखळू शकतो, सैल होऊ शकतो, पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते, यावर एक ओळही नाही? चिमटीत एक किलोचा जोर लावला तर या सांध्यावर सुमारे 12 पट भार येतो. तो कृत्रिम सांध्याने रोज सोसायचाय. सांधा जखडण्याचा, म्हणजे हाडं एकमेकांना कायमची जोडून तो हलेनासा करण्याचा, तर उल्लेखच नाही. हातोडा-पाना चालवणाऱ्या तरुण माणसाला तोही पर्याय सुचवतात, कारण जोर टिकतो. मात्र मग तळहात टेबलावर सपाट टेकत नाही, हे त्याला आधी कळायला हवं. कुठलं ऑपरेशन चांगलं, हे तो हात दिवसभर काय करतो ते विचारल्याशिवाय सांगताच येणार नाही.

आणि ते चित्र! बाण अंगठ्याच्या मधल्या सांध्यावर दाखवलाय. दुखतं ते मनगटालगत. चित्र तरी दुरुस्त करून छापा.

माझा डावा अंगठाही आता त्याच वाटेवर आहे. काय करायचं ते पुढच्या महिन्यात ठरवायचंय, म्हणून तुमचा लेख मी तीनदा वाचला.

आपली,
एक नियमित वाचक